आंब्यावरचं दगडफूल

झाडं अजून बोलत होती, त्या काळातली गोष्ट. एका आंब्याच्या सालीवर दगडफूल वाढलं होतं. आंबा त्याला खरूज म्हणायचा. पुढे शेजारी वीटभट्टी लागली आणि भट्टीकडच्या बाजूचं दगडफूल गळून पडलं.

"सुटलो एकदाचा!" आंबा म्हणाला. "साल कशी स्वच्छ झाली!"

मागच्या बाजूला उरलेलं दगडफूल म्हणालं, "दादा, मला मुळं नाहीत. माझं पोट हवेवर. तिकडची हवा नासली, म्हणून माझे भाऊबंद गेले."

आंब्याने तिकडचा मोहर पाहिला. तो काळा पडून झडत होता. एवढ्या मोठ्या झाडाला कळलं नाही, ते नखाएवढ्या जिवाला आधीच कळलं होतं! आंबा थक्क झाला.

विणीच्या दिवसांत पाखरं आली, तेव्हा तो म्हणाला, "घरटं कुठल्या बाजूला बांधायचं, ते मला विचारू नका. दगडफुलाला विचारा."