चार पेवांचा धनी

एकदा एक धान्याचा व्यापारी, गावाबाहेरच्या टेकडीवर राहणाऱ्या वृद्ध आचार्यांकडे बैलगाडीतून आला. गाडी त्याची विधवा मुलगी सगुणा हाकत होती. गाडीवान ठेवला तर तो आपल्या वाटा हेरून ठेवील, अशी शेटजींना धास्ती होती. तरुणपणी भागीदाराने त्यांना फसवले होते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरेच आहे. पण शेटजी पाणीसुद्धा फुंकून पीत, आणि वर तांब्या कोणी भरला याची चौकशी करीत.

त्या राज्यात एक चांगला नियम होता. प्रजेने अडीअडचणीसाठी चार दाणे शिल्लक टाकावेत म्हणून राजाने पेवांतले धान्य करमुक्त केले होते. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, आतून कडब्याचे अस्तर लावलेले कोठार. गावोगावी अशी पेवे होती आणि त्यांचे राखणदार होते. पेवाच्या तोंडावर राजमुद्रा आहे तोवर आतल्या धान्याला कर नाही. मालकाने ते स्वतः उपसून रस्त्याला लावले, की मात्र तो विक्रीचा माल ठरे. मग नाक्यावर चौथा हिस्सा कापला जाई, आणि उरलेले पुन्हा पेवात घातले तरी गेलेली सवलत परत मिळत नसे.

शेटजींची जन्माची शिल्लक चार गावांतल्या चार पेवांत होती. एक राखणदार चोर निघाला तरी तीन उरतील, असा त्यांचा हिशेब होता, आणि पाय धड होते तोवर तो चुकीचाही नव्हता. आता गुडघ्यांनी दगा दिला होता. गेल्या पावसाळ्यात एका पेवात पाणी झिरपले, ते त्यांना धान्याला बुरशी आल्यावर कळले. रखवालीचे दाणेही दरसाल चौघांना मोजावे लागत. तेव्हा सगळे धान्य आपल्या गावच्या एकाच पेवात आणावे, असे त्यांनी ठरवले होते.

मुलीला गाडीपाशी बसवून ते आत आले. आचार्यांच्या शेजारी एक शिष्य बसला होता.

"हा कोण?" शेटजींनी विचारले.

"माझा शिष्य आहे. तो इथेच बसेल."

शेटजींनी शिष्याला आपादमस्तक न्याहाळले. शिष्याला ते मुळीच आवडले नाही.

"महाराज," शेटजी आवाज खाली आणून म्हणाले, "नाक्यावरचा अंमलदार तुमच्या शब्दाबाहेर नाही. मी माझ्या हातानं पेवं उपसतो, माझ्या गाडीतून धान्य आणतो. त्यानं तेवढी पाठ फिरवावी, म्हणजे झालं."

"त्याची गरजच काय? एका राखणदारानं परस्पर दुसऱ्याच्या हवाली केलं, तर मुद्रेची सवलत अखंड राहते. कर लागत नाही. तसा नियमच आहे."

"राखणदारांच्या हाती द्यायचं?" शेटजी हसले. "कुंपणच शेत खातं, महाराज. एक पोत्यामागं शेरभर काढील, दुसरा पायलीभर."

"बरं. तुमच्या गावच्या राखणदाराकडे धान्य कमी आलं, तर पुढं त्याचा जाब कोणाला द्यावा लागेल?"

"त्यालाच."

"मग तो कमी घेईल का? मापून घेईल, पाखडून घेईल. देणाऱ्यावर तो तुमच्यापेक्षा जास्त संशय घेईल. त्या दोघांना एकमेकांवर खुशाल संशय घेऊ द्या, त्यात तुमचं भलं आहे. तुम्ही मध्ये गाडी घातलीत, तर देणारा म्हणेल पुरं दिलं, घेणारा म्हणेल कमी आलं. चोर तुम्हीच ठराल, आणि कर भराल तो वेगळाच."

शेटजींची कळी खुलली. संशयाची इतकी कदर आजवर कोणी केली नव्हती. पण लगेच त्यांना काहीतरी आठवले आणि कपाळाला आठी पडली.

"नव्या पेवाला मुद्रा लावताना घरचं एक माणूस साक्षीला लागतं. कुठल्या गावचं धान्य आलं, ते त्याच्यासमोर सांगावं लागतं. तेवढं माफ करायला सांगा."

"मुलगी आहे की."

शेटजींनी दाराकडे पाहिले. "आहे हो. पण तिचा दीर अधूनमधून येतो. दोघं ओसरीवर हळू आवाजात बोलत बसतात. मी गेलो की गप्प. काय शिजतंय, कोण जाणे."

आचार्य म्हणाले, "शेटजी, इथे आडवे व्हा."

शेटजींना वाटले, गुडघ्यांवर काही उपचार असेल. ते घोंगडीवर आडवे झाले. आचार्यांनी आपले उपरणे त्यांच्या अंगावरून थेट तोंडापर्यंत ओढले. "तुम्ही आता गेलात. गेलेला माणूस बोलत नाही. मी उठा म्हणेपर्यंत हूं की चूं करायचं नाही." आणि त्यांनी सगुणेला हाक मारली.

शिष्य चक्रावला. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या मनात एक किडा वळवळू लागला. गुरुजींना या म्हाताऱ्याच्या धान्यात एवढा रस का?

सगुणा उंबऱ्यात आली आणि थबकली. मग उपरण्याखाली पायाचा अंगठा हलताना तिला दिसला.

"काय झालं आबांना?"

"काही नाही. मरणाचा सराव चालला आहे. सगुणा, समज, ते खरंच गेले. त्यांचं धान्य कुठं आहे?"

तिचा चेहरा एकदम कठोर झाला. "तुम्हाला कशाला हवं?"

बापाची लेक शोभते, असे शिष्याच्या मनात आले.

"मला नको. तुला सापडेल का, एवढंच सांग."

"कुठून सापडणार? गाव ठाऊक नाही, राखणदार ठाऊक नाही."

"कधी विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मी त्यांच्या मरणाकडं डोळे लावून बसलेय." तिने पदराने तोंड पुसले. "दोन पोरं आहेत मला. म्हणून पोरांच्या काकाला सांगून ठेवलंय, पुढंमागं आमचं अडलं तर पोरांपुरते दाणे द्या. भावोजी गरीब आहेत, पण हो म्हणाले. आबांच्या कानावर जाऊ नये म्हणून हळू बोलतो आम्ही. एवढी पेवं भरणाऱ्याची मुलगी दारोदार दाणे मागते, हे त्यांना कळलं तर कसं वाटेल?"

उपरणे जरासुद्धा हलले नाही. शिष्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याने मान खाली घातली.

आचार्य उपरण्याकडे पाहून बोलू लागले. "शेटजी, संशय वाईटच, असं मी म्हणणार नाही. तुमच्या संशयानंच हे धान्य साठलं. पण राजानं पेवावर मुद्रा लावली ती कर बाहेर राहावा म्हणून. तुम्ही तिच्यावर मौनाची आणखी एक मुद्रा लावलीत, आणि तुमची लेक बाहेर राहिली. नाक्यावरच्या अंमलदारानं चौथा हिस्सा घेतला असता. तुमचं मौन सगळंच घेणार होतं. आता उठा."

शेटजी उठले. उपरण्याची घडी घालण्यात त्यांनी नको इतका वेळ घेतला. मग मुलीला जवळ बसवून, एकेक शब्द तोलत, त्यांनी पहिले गाव सांगितले, राखणदाराचे नाव सांगितले, पेव कोणत्या बांधाला आहे ते सांगितले. मग दुसरे, मग तिसरे, मग चौथे. सगुणा प्रत्येक नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहत होती.

सांगून झाल्यावर ती वडिलांकडे पाहत राहिली.

"आबा, चारच?"

शेटजींनी दाराकडे पाहिले, शिष्याकडे पाहिले, आचार्यांकडे पाहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "पाच."

आपणही चार ठिकाणची करमुक्त शिल्लक एका जागी आणताना सवलत जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपतो. पाचवी कुठे आहे ते घरात कोणाला ठाऊक आहे का, एवढे आज जेवायला बसल्यावर ज्याने त्याने पाहावे.