तांडेलाचे कान

या गोष्टीला इतकी वर्षं झाली की सांगणारेही विसरले, कुणाकडून ऐकली ते. दूर पूर्वेला मलय लोकांचा देश आहे ना, तिथल्या किनाऱ्यावर कोळ्यांचं एक गाव होतं. गावात होड्या पुष्कळ, पण एक होडी अशी देखणी की बघतच राहावं! लोखंडाचा एक खिळा म्हणून नाही. फळीला फळी लाकडी खुंट्यांनी जोडलेली, सांध्यांत झाडाची साल ठासून बसवलेली आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बगळ्याची कोरीव मान.

त्या होडीचा तांडेल, म्हणजे तिच्यावरचा मुख्य कोळी, म्हातारा होता. तिथले कोळी मासे डोळ्यांनी शोधत नसत, कानांनी शोधत. हसू नका, खरंच सांगतोय. तांडेल होडीचा काठ धरून पाण्यात उतरायचा, डोकं बुडवायचा आणि ऐकायचा. पाण्याखाली कुठला मासा कुरकुरतो, कुठला टकटक करतो. त्यावरून तो हात वर करून दिशा दाखवी आणि जाळं तिकडे पडे. दूरच्या वादळाची घरघरसुद्धा त्याला अशीच आधी कळायची.

म्हणून दंडक असा होता, की समुद्रावर तांडेलापुढे कुणी तोंड उघडायचं नाही. तो म्हणेल तिकडे होडी न्यायची. सगळ्यांचे जीव त्याच्या कानांवर होते म्हणा ना!

आणि नेमके तेच कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी मासे ऐकू येईनात, मग माणसं. सगळ्यांत आधी ओळखलं ते त्याच्या बायकोने. ती मागून हाका मारून दमली, शेवटी त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"मघापासून घसा फोडतेय मी!" ती म्हणाली. "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही. लोकांना सांगून टाका. आपल्या पोराचे कान चांगले आहेत, त्याला उतरू द्या पाण्यात."

"सांगेन," तांडेल म्हणाला.

"कधी?"

"या हंगामात राहू दे. पुढच्या वेळी सांगतो."

त्याला वाईट वाटत होतं, लाजही वाटत होती. किनाऱ्यावरून चालताना लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. उद्या हेच लोक म्हणतील, बहिरा झाला बिचारा. ते 'बिचारा' त्याला नको होतं. मग तो पक्ष्यांकडे बघून, पाण्याचा रंग बघून अंदाज करायला लागला. डोकं मात्र रोज पाण्यात बुडवायचा. कधी अंदाज बरोबर यायचा, कधी जाळं रिकामंच वर यायचं.

वाऱ्याचा हंगाम तोंडावर आला. एका सकाळी होडी निघाली. तांडेलाचा मुलगा होता, शेजारपाजारचे वल्हेकरी होते. खूप आत गेल्यावर म्हातारा पाण्यात उतरला. त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पण आजही रिकाम्या हाताने परत गेलो तर लोक काय म्हणतील? त्याने हात वर केला आणि आणखी आत, खोल समुद्राकडे बोट दाखवलं. मग वर येऊन तो नाळेवर बसला, सगळ्यांकडे पाठ करून.

इकडे मुलगा तळातलं पाणी उपसायला वाकला होता. त्याचा कान फळीला लागला आणि तो चमकला. खालून घरघर येत होती. तो घाबरला. दंडक मोडून बोलला, "बाबा! तळातून घरघर ऐकू येतेय. माघारी फिरू या का?"

म्हातारा हलला नाही, बोललाही नाही.

"गप रे!" एक वयस्कर वल्हेकरी त्याच्यावर डाफरला. "बाबांनी ऐकलंय तुझं. तरी ते स्वस्थ बसलेत, म्हणजे भ्यायचं कारण नाही. त्यांना शिकवतोस काय?"

मुलगा ओशाळला. त्याने मुकाट्याने वल्हं उचललं आणि सगळे पुढे निघाले.

वादळाने त्यांना भर समुद्रात गाठलं. होडी उलटली, पण फुटली नाही. म्हाताऱ्याच्या हाताला तिचा तळ लागला आणि तो त्याला बिलगून राहिला. मुलाने हाका मारल्या असतील. कुठून मारल्या, किती वेळ मारल्या, म्हाताऱ्याला काही कळलं नाही. तो भलत्याच दिशेला बघत मुलाला शोधत होता. वादळ ओसरलं तेव्हा आसपास नुसतं पाणी होतं.

गावातल्या दुसऱ्या होड्यांनी त्याला एकट्यालाच किनाऱ्यावर आणलं. सगळं गाव गोळा झालं. सून पुढे आली आणि तिने काहीतरी विचारलं. म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी बायकोने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि रडत, ओरडून सांगितलं, "ती विचारतेय, शेवटी काय म्हणाला तो?"

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला ऐकू येत नाही," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "कधीपासूनच येत नाही."

एवढंच सांगायचं होतं त्याला. पण ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांतलं आता कुणीच परत येणार नव्हतं.

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर इतरांचे जीव असतात, त्याने आपली उणीव लपवली तर तिची किंमत त्या इतरांना मोजावी लागते.