न आलेल्या गाडीचा साक्षीदार

केराची गाडी आली नाही, हे सिद्ध कसं करायचं? आली असती तर सोपं होतं. कुणी बैल पाहिले असते, कुणी चाकांची करकर ऐकली असती. पण न आलेली गाडी पाहणार कोण? चिंचणगडच्या झुंजार राजानं नेमका असलाच साक्षीदार मागितला होता!

त्याचं असं झालं, बुरूडआळीत केराचा डोंगर साचला होता. सरकारी गाडी रोज येते, असं कोतवाल छातीठोकपणे सांगायचा. आळीतली माणसं नाक दाबून म्हणायची, कसली गाडी अन् कसलं काय! तक्रारी ऐकून राजा वैतागला. आधीच हट्टी, त्यात दुपारची झोप मोडलेली! त्यानं फर्मान काढलं, "ज्याची तक्रार, त्यानं साक्षीदार आणावा. नाहीतर डोक्याचं मुंडण आणि गाढवावरून धिंड!"

घ्या! तक्रारी एका दिवसात बंद. कोतवाल खूश. केराच्या गाडीतून तो स्वतःच्या मळ्यातले कांदे निवांत बाजारात धाडू लागला.

अडकला तो धोंडू बुरूड. फर्मान कानावर यायच्या आधीच तो बिचारा तक्रार करून बसला होता. उद्या धिंड निघणार म्हणून टोपली विणता विणता त्याला रडू फुटलं. "गावाला तोंड कसं दाखवू गं पोरी!"

"बा, रडतोस काय?" त्याची लेक सगुणी म्हणाली. "साक्षीदार आहे आपल्याकडे!" आणि ती तडक दरबारात गेली.

"महाराज, साक्षीदार तयार आहे. पण तो इथं यायचा नाही. तुम्हालाच यावं लागेल."

"काय? एवढा मस्तवाल?"

"मस्तवाल नाही, लठ्ठ आहे. आमच्या आळीत वाटेतच पडून असतो."

"दारुडा असणार!" कोतवाल खेकसला.

"छे हो, कोतवालसाहेब! पाण्याशिवाय कशाला तोंड लावत नाही. पण आधी सांगा, तुमची गाडी आमच्या आळीत पार शेवटापर्यंत जाते ना?"

"रोज जाते! आज सकाळीही गेली! महाराजांच्या पायांची शपथ!"

राजा नाकाला उपरणं लावून बुरूडआळीत आला. आळी इतकी अरुंद की गाडी शिरली तर माणसानं भिंतीला चिकटून उभं राहावं. तोंडाशीच केराचा ढीग. त्या ढिगात कुणीतरी टाकलेलं भोपळ्याचं बी रुजलं होतं. वेल रस्ता ओलांडून समोरच्या धोंडूच्या कुंपणावर चढला होता. आणि भर वाटेत, गाडीच्या चाकोरीत, थोरला तांबडा भोपळा ऐसपैस बसला होता!

"हा आमचा साक्षीदार, महाराज!"

"लबाड पोरगी!" कोतवाल ओरडला. "रात्रीतून आणून ठेवला असेल!"

राजानं स्वतः भोपळा उचलायला हात घातला. ओढतोय, ओढतोय, पगडी कानावर आली, पण भोपळा हलेना! चाकोरीतच वाढून तो तिच्यात घट्ट रुतला होता. देठ हिरवागार. वेलाच्या तणाव्यांनी कुंपणाला वेढ्यांवर वेढे घातलेले.

"एका रात्रीत एवढे वेढे घालायला शिकवलं कुणी याला?" सगुणी म्हणाली.

"मग... मग आमची गाडी बाजूनं गेली असेल!"

"भिंतीतून? की बैलांनी उडी मारली आणि मागून गाडीनंही?"

"बोला कोतवाल," राजा म्हणाला, "उडते का तुमची गाडी?" आणि तो स्वतःच पोट धरधरून हसत सुटला! धोंडूची धिंड रद्द झाली. राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणीला दिलं. "उद्यापासून गाडी थेट आळीच्या शेवटापर्यंत!"

"नको महाराज! साक्षीदार चिरडला तर पुढच्या वेळी साक्ष कोण देणार? भोपळा पिकेपर्यंत गाडी बाहेरच थांबू दे."

"मग केर तिथवर नेणार कोण?"

सगुणीनं कोतवालाकडे पाहिलं. "पाटी आमचा बा विणून देईल, महाराज. डोकं कोतवालसाहेबांचं!"

राजा पुन्हा हसला, ते पार वाड्यावर पोहोचेपर्यंत. आणि कोतवाल रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन कुंपणापाशी थांबतो. "पिकला का गं, पोरी?"

"कुठलं हो!" सगुणी आतून ओरडते. "अजून कोवळाच आहे!"