ऐलनगर, पैलनगर आणि दचकणारं झाड

एकदा काय झालं, एक म्हातारी घराला कडी घालून निघाली आणि तिच्या मागोमाग तिचं झाड निघालं.

खरंच निघालं, हसू नका. पण त्याच्या आधीचं ऐका.

म्हातारीचं नाव ठकूआजी. झाड होतं कढीपत्त्याचं, चांगलं तुमच्या बाबांएवढं उंच. आजीच्या यजमानांनी ते लावलं तेव्हा करंगळीएवढं होतं. पुढे यजमान गेले, दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या, आणि माळावरच्या त्या घरात आजी उरली आणि झाड उरलं. आजी बोलायची, झाड ऐकायचं. फक्त एक होतं, बरं का. झाड फार भित्रं होतं. ताट पडलं की दचकायचं. कावळा ओरडला की दचकायचं. आणि दचकलं की झर्रकन मूठभर पानं गळायची त्याची. मग आजी त्याच्या खोडावरून हात फिरवायची. "काही नाही रे, कावळा होता," म्हणायची.

मग एक दिवस आजी अंगणात घसरून पडली. गुडघा हा असा सुजला. हाका मारल्या, पण ऐकायला होतं कोण? उन्हं उतरल्यावर एक गुराखी त्या वाटेने आला, त्याने तिला उचलून आत नेलं. हे मुलींच्या कानावर गेलं आणि दोघी धावत आल्या.

थोरली साळू, ती ऐलनगरला दिलेली. धाकटी मैना, ती पैलनगरला. दोन्ही नगरांच्या मधे एक नदी. ह्या काठाला ऐलनगर, त्या काठाला पैलनगर. इकडे कुणी शिंकलं तर तिकडे ऐकू जावं इतकी जवळ. पण वागणं मात्र एकाचं दुसऱ्यासारखं नाही.

साळू म्हणाली, "आई, आता एकटीने राहायचं नाही. माझ्याकडे चल. आमच्याकडे माणूस पडायच्या आधी चार जण धरतात."

"आणि चौघं मिळून पाडतात," मैना म्हणाली. "आई, तू माझ्याकडे ये. आमच्याकडे किती शांत असतं."

"शांत तर स्मशानातही असतं."

"पुरे गं," आजी म्हणाली. "भांडू नका, झाड दचकतंय."

मग ठरलं की ऐलनगर जवळ, म्हणून आधी तिथे जायचं. आजीने गाठोडं बांधलं. झाडाला पाणी घातलं, डोळे पुसले, कडी घातली. दहा पावलं गेली असेल नसेल, मागे सळसळ झाली. आजी दचकली. आजी दचकली म्हणून झाड दचकलं. पाहते तर काय, झाड मुळं गोळा करून, जशी आपण चिखलातून चालताना साडी वर धरतो ना, तसं तिच्या मागे येत होतं.

आजीला हसू आलं आणि रडूही आलं. मुलींना म्हणाली, "आता माझं एकटीचं राहिलं नाही. जिथे हे रुजेल, तिथे मी राहीन."

मग ती ऐलनगरला पोचली.

ऐलनगर म्हणजे काय सांगू. तिथल्या दारांना कड्याच नव्हत्या. बाजारात जायचं तर वाट चार जणांच्या स्वयंपाकघरांतून. जाता जाता लोक दुसऱ्यांच्या आमटीत मीठ आहे का बघायचे, नसलं तर घालून पुढे जायचे. आजी गेली त्या दिवशी सगळी आळी आली. "काय ठकूमावशी, प्रवास कसा झाला?" "मावशी, गुडघ्याला एरंडाचं पान बांधा." केस विंचरायला एक बसली, पाय चेपायला दुसरी, आणि पाय कसे चेपायचे ते दुसरीला सांगायला तिसरी. किती दिवसांनी आजी पोटभर बोलली. साळूच्या परसात झाडानेही मुळं जमिनीत घातली, भीत भीत.

पण झालं काय, शेजारच्या भीमाकाकूला बोलता बोलता पानं खुडायची सवय. तोंड आजीशी, हात झाडाला. काय खुडलं, किती खुडलं, तिच्या हाताला कळायचंच नाही. ती गेली की दुसरी. फोडणीची वेळ झाली की मागच्या दाराने पाच-सहा हात एकदम. झाड प्रत्येक हाताला दचकायचं. चार पानं खुडली जायची आणि चाळीस गळायची.

आजीलाही दुपारचा डोळा लागेना. जरा आडवी झाली की कुणीतरी यायचं. "झोपलात का मावशी? झोपा झोपा, मी बसते इथे." आणि बसायचं, बोलत.

मग झाडाचा नुसता सांगाडा राहिला. आता ऐलनगरची माणसं मायाळू, हे तर खरंच. झाड आजारी म्हटल्यावर सगळी पुन्हा धावली. भीमाकाकूने मुळाशी ताक ओतलं. दुसरीने, ताक कुठे घालतात म्हणून, ते हळदीच्या पाण्याने धुऊन काढलं. तिसरा म्हणाला दृष्ट लागली आहे, आणि ताशा घेऊन आला. ताशा वाजला मात्र, उरलेली सगळी पानं एकदम खाली.

आजीने गाठोडं बांधायला घेतलं. साळूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, वाईट आहेत का गं आमची माणसं?"

"वाईट असती तर जाणं सोपं होतं, बाळा," आजी म्हणाली.

मग नदी आली. नावाडी होता दगडूतात्या. तो म्हणाला, "मी माणसं नेतो. झाडं नाही नेत."

"ते झाड नाही. माझ्याबरोबरचं आहे," आजी म्हणाली.

दगडूतात्याने त्या काटकुळ्या झाडाकडे पाहिलं. पाण्याला घाबरून झाडाने आजीचा पदर एका फांदीत गच्च धरला होता. तात्याने नाव पुढे घेतली. पण मधोमध गेल्यावर तो हळूच म्हणाला, "म्हातारे, एक सांगतो. झाड एकदा हललं की रुसतं. दुसऱ्यांदा हललं की आजारी पडतं. तिसऱ्यांदा हललं की जातं. हे आता दुसऱ्यांदा हललंय, ऐकलंय मी. पैलतीरी रुजलं तर रुजलं. पुन्हा माझ्या नावेत आणू नकोस."

आजीने पदर सोडवून घेतला नाही.

पैलनगर अगदी वेगळं. रस्ते झाडलेले, दारं लावलेली, आणि प्रत्येक दाराला एक पितळी घंटी. कुणाकडे जायचं तर घंटी वाजवायची. मग घरातलं माणूस तोंड धुणार, केस सारखे करणार, धुतलेलं लुगडं नेसणार आणि दार उघडणार. तोवर बाहेरच्याला वाटायचं, अरेरे, आपण उगीच त्रास दिला. तो निघून जायचा. आतला दार उघडून बघायचा तर कुणीच नाही. मग त्यालाही वाईट वाटायचं आणि तो दार लावून घ्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं, बरं का. पैलनगरात भेट अशी कुणाची कुणाशी होतच नसे. आणि सगळे म्हणायचे, किती सभ्य आहे आपलं नगर.

मैना आणि तिचा नवरा सकाळी मागावर विणायला जायचे, ते दिवेलागणीला परत यायचे. घरात आजी आणि अंगणात झाड. पहिले दिवस कसे सोन्यासारखे गेले. आजी दुपारची झोपली, गाढ. झाडाला दचकवायला कुणी नव्हतं. त्याला पालवी फुटली. मग पानं आली, मग इतकी पानं आली की वास भिंतीपलीकडे जायला लागला.

पण कढीपत्त्याची एक गंमत असते. चार पानं खुडली तर तो आठ देतो. कुणी खुडलाच नाही तर नुसता उंच होत जातो, काडीसारखा. झाड उंच झालं, भिंतीवरून मान काढून रस्त्याकडे बघायला लागलं. खालची पानं पिवळी पडली. आजीचंही तेच. सकाळी मैना गेली की संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द नाही. अधूनमधून घंटी वाजायची. आजी दचकायची, गुडघ्यावर हात ठेवून उठायची, दारापर्यंत पोचायची. बाहेर कुणी नाही. पोरं खोड्या काढत असतील, असं म्हणून ती परत बसायची.

मग एका दुपारी तिने पाहिलं, झाडाच्या बुंध्याशी जमिनीला भेग पडली आहे. एक मूळ वर आलं होतं. त्याचं तोंड नदीकडे होतं.

आजी तशीच जाऊन बुंध्याशी बसली. मूळ आत सारलं, वर माती ओढली. मूळ पुन्हा वर आलं. "अरे वेड्या," आजी म्हणाली, "तिसऱ्यांदा नाही चालायचं तुला. जाऊ नकोस." पण तिला कळत होतं. आतून तिचाही एक पाय तिकडेच होता.

मग तिला आठवलं, झाड लहानपणी मलूल झालं की यजमान त्याच्या मुळाशी ताक घालायचे. ती उठली, शिंकाळ्याशी गेली. दही नासलेलं. दूध होतं, पण विरजण नव्हतं. आणि विरजण दिवे लागल्यावर कुणी देत नाही, तुम्हाला माहीत आहे ना? मैना यायची तेव्हा दिवे लागलेले असायचे. ऊन भिंतीवरून वर वर चाललं होतं. म्हणजे आजीला स्वतःलाच जायला हवं होतं, परक्या दारी, घंटी वाजवून. ऐलनगरात कधी घंटी वाजवायला लागली नव्हती. इथे कुणी तिला ओळखत नव्हतं.

"मी येईपर्यंत थांब," ती झाडाला म्हणाली आणि निघाली.

शेजारचं दार वेणूबाईंचं. आजीने घंटी वाजवली. आतून काही आवाज नाही. आजीलाही वाटलं, नको, त्रास होईल, जावं परत. पण इतकं चालून गुडघा असा ठणकत होता की ती पायरीवर बसली, आणि बसली ती बसलीच. उठताच येईना.

आत वेणूबाईंनी तोंड धुतलं, केस सारखे केले, लुगडं बदललं. दार उघडलं. समोर माणूस. दोघी दचकल्या.

"तुम्ही अजून आहात?" वेणूबाई म्हणाल्या.

"उठवत नाही हो. शेजारची मी, मैनाची आई. थोडं विरजण मिळेल का?"

वेणूबाईंचा चेहरा पडला. "विरजण नाही हो. आमचं संपलं त्याला वर्षं झाली. मागायचं कुणाकडे? दही सोडूनच दिलं आम्ही." मग त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुमच्याकडे घंटी वाजवून जाते ती मीच. तुमच्या झाडाचा वास येतो ना स्वयंपाकघरात. फोडणीला चार पानं मागावीत म्हणून यायची. मग म्हटलं, म्हातारं माणूस, चार पानांसाठी कशाला त्रास द्यायचा."

"अहो, द्या की त्रास," आजी म्हणाली. "दिवसभर त्यासाठीच तर बसलेली असते मी."

वेणूबाईंनी हात दिला, आजी उठली. दोघी पुढच्या दारी गेल्या. तिथे अप्पा म्हणून एकटे गृहस्थ राहायचे. घंटी वाजवली. वेणूबाई लगेच मागे वळल्या, सवयच ती. आजीने त्यांचा हात धरला. "पायरीवर बसा," म्हणाली. "गुडघा दुखतोय असं समजा."

दोघी बसल्या. बऱ्याच वेळाने दार उघडलं. अप्पांनी दोघींना पाहिलं आणि त्यांचा रंगच उडाला. "कोण गेलं?" ते म्हणाले.

"कुणी गेलं नाही. विरजण हवंय," आजी म्हणाली.

"विरजण?" अप्पा म्हणाले. "अहो, तांब्याभर ताकच न्या. एकट्याला संपत नाही. रोज मोरीत ओततो मी."

मग तिघंही मैनाच्या अंगणात आली, दिवे लागायच्या आत. झाडाचं दुसरं मूळ वर आलं होतं. आजीने ताक घातलं, अप्पांनी माती ओढली. आणि वेणूबाईंनी काय केलं, खोडाला हात लावला, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "बाई गं, चार पानं घेते हं." मग थांबल्या. झाड थरथरलं. पण पान एकही गळलं नाही. एक फांदी हळूच खाली आली, वेणूबाईंच्या हाताशी.

त्या दिवशी उरलेल्या ताकाची कढी झाली. अप्पा दोनदा वाढून घेऊन प्याले. मैना आणि जावई घरी आले तर घरात माणसं. मैना दारातच उभी राहून बघत होती.

सकाळी आजीने पाहिलं, भेग बुजली होती. मुळं आत गेली होती. आणि घंटी वाजली तेव्हा आजी जागेवरूनच ओरडली, "येतेय हो, जाऊ नका." आळीने ते ऐकलं. हळूहळू सगळ्याच घरांतून घंटी वाजली की आधी आतून हाक यायला लागली, "येतेय हो, जाऊ नका." आणि लोक थांबायला शिकले. वेळ लागला, पण शिकले.

साळू भेटायला आली तेव्हा जरा फुगूनच बसली. "म्हणजे आमचं गाव हरलं," म्हणाली.

"हरलं कुठे," आजी म्हणाली. "पोटभर बोलायचं असलं की मी तुझ्याकडे येणार आहे, महिनाभर. झाडाला इथे ठेवून." आणि ती खरंच जायची. परत आली की दोन दिवस नुसती झोपायची.

मग पुढच्या चैत्रात वेणूबाई धावत आल्या. त्यांच्या अंगणात, भिंतीला लागून, कढीपत्त्याचं एक पिल्लू उगवलं होतं. जमिनीखालून मुळं भिंत ओलांडून गेली होती. मग अप्पांकडे एक उगवलं. मग त्याच्या पुढच्या घरी. आळीच्या टोकापर्यंत झाड एकच झालं. आता त्याला कुठे हलवणार?

ठकूआजी सुखात राहिली, साळू आणि मैना सुखात राहिल्या. झाली गोष्ट. पाय आत घ्या, कूस बदला, आणि निजा बघू.