केरबा शिंपी शहर बघतो

तळेगड नावाच्या शहरात केरबा नावाचा एक भोळा शिंपी राहत होता. जन्म तिथलाच, पण दुकान सोडून त्यानं काही पाहिलं नव्हतं.

एकदा बायको हौसा म्हणाली, "अहो, उद्या माझा दादा येतोय. मागल्या खेपेला त्यानं विचारलं, इथं बघण्यासारखं काय आहे, तर तुम्ही त्याला शिलाई मशीन दाखवलंत! माझी मान खाली गेली. आज पाव्हण्यागत सगळं शहर बघून या. कुणी काही शिकवलं तर ध्यानात ठेवा."

"ठेवतो," केरबा म्हणाला.

आधी तो राजवाड्यात गेला. चालून पाय दुखले होते. समोर सिंहासन रिकामंच होतं. तो त्यावर बसला.

पहारेकरी धावत आला. "उठा! जुनी वस्तू दिसली की बसायचं नसतं. लांबून हात जोडायचे!"

"बरं झालं सांगितलंत," केरबा म्हणाला.

तळ्याकडे जायला तो बसथांब्यावर आला. बस आली. पत्रा गंजलेला, काचा खुळखुळणाऱ्या. एवढी जुनी वस्तू बघून केरबानं लांबूनच हात जोडले.

कंडक्टर खेकसला, "नमस्कार कसले घालताय? दार उघडं दिसलं की आत घुसायचं आणि जागा धरायची!" बस निघून गेली.

"हेही बरं झालं," म्हणत केरबा चालू लागला.

वाटेत मंगल कार्यालयापुढं फुलांनी सजवलेली मोटार उभी होती. दार उघडं होतं. केरबा आत घुसला आणि नवरानवरीच्या मधली जागा धरून बसला.

नवरी किंचाळली. तिच्या मामानं केरबाला बाहेर ओढलं. "अहो, काही रीत आहे की नाही? हार घातलेली जोडी दिसली की अक्षता टाकायच्या, 'नांदा सौख्यभरे' म्हणायचं आणि पंगतीला बसायचं!" त्यानं केरबाच्या हातात मूठभर अक्षता कोंबल्या. तेवढ्यात मोटार गेली. मूठ तशीच राहिली.

केरबा तळ्यावर पोचला. तिथं नव्या नौकाविहाराचं उद्घाटन होतं. तळं आटलेलं, होड्या सुकलेल्या चिखलात रुतल्या होत्या. मांडवात नगराध्यक्ष अण्णासाहेब आणि ठेकेदार बापूशेठ उभे होते. दोघांच्या गळ्यात हार. फोटोसाठी हातात हात.

केरबानं नेम धरून अक्षता टाकल्या आणि ओरडला, "नांदा सौख्यभरे!"

बँडवाल्यांना तेवढीच खूण पुरली. त्यांनी लग्नाचं वाजवायला घेतलं. मग काय, अख्खं तळेगड टाळ्या वाजवू लागलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "लग्न जुनंच हाय. अक्षता आत्ता पडल्या."

बापूशेठनी हात सोडवून घेतला. केरबा मंचावर चढला. "साहेब, पंगत कुठं बसलीय?"

अण्णासाहेब लालबुंद झाले. "कसली पंगत? इथं खायला काही नाही!"

केरबाला त्यांची दया आली. त्यानं भेगाळलेल्या तळ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मग असू द्या. नुसतं पाणी दिलंत तरी चालेल."