करवकील आणि वाहून आलेले लाकूड

ही गोष्ट इतकी जुनी आहे की त्या राज्याचे नाव सांगणारा आता कुणी उरलेला नाही. गोष्ट तेवढी उरली आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

त्या राज्यात विभाकर नावाचा एक करवकील होता. कराचा तंटा उभा राहिला की राजाच्या बाजूने न्यायसभेत बोलायचे, हे करवकिलाचे काम. विभाकराला कायद्याचे पुस्तक तोंडपाठ होते. वीस वर्षे तो राजासाठी बोलला आणि फार क्वचित हरला.

माणूस मोठा सचोटीचा. कुणाकडून कधी नारळसुद्धा घेतला नाही. दिवाळीत शेजारून ताट आले तरी तो ते दारातूनच परत पाठवी.

त्याची बायको वैतागून म्हणे, "अहो, निदान फराळ तरी राहू द्या घरात!"

तो म्हणे, "उद्या शेजाऱ्याचाच तंटा माझ्यासमोर आला, तर?"

एके वर्षी दरबारचा मुख्य करवकील वारला. आता ती जागा विभाकराची, असे सगळेच धरून चालले होते. पण राजाने प्रधानाच्या मेव्हण्याला ती दिली. हा मेव्हणा कायदा वाचायला बसला की ओळीखाली बोट धरी. बातमी ऐकून विभाकराला वाटले, सांगणारा थट्टा करतो आहे. थट्टा नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने दरबाराचा शेला घडी करून प्रधानाच्या हाती दिला आणि तो बाहेर पडला.

त्याने बाजारपेठेत स्वतःची बैठक घातली. व्यापारी तर वाटच पाहत होते. ज्याने वीस वर्षे कराची भिंत राखली, तिच्यात फट कुठे आहे हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? बायकोने एकदा भीतभीत विचारले, "काल राजाचं बोलत होतात, आज शेटजींचं. जमेल तुम्हांला?"

"कायदा तोच आहे," विभाकर म्हणाला. "मी फक्त पलीकडच्या बाजूला उभा राहतो, एवढंच."

त्याचा पहिला मोठा खटला गोवर्धनशेटचा. गोवर्धनशेट लाकडाचा बडा व्यापारी. डोंगरापलीकडच्या जंगलात साग तोडायचा, ओंडके नदीत सोडायचे आणि राज्याच्या काठावर ओढून घ्यायचे, असा त्याचा धंदा. कायदा सांगत होता : जो कोणी बाहेरून राज्यात लाकूड आणील, त्याने दहावा हिस्सा राजाला द्यावा. न सांगता आणील, त्याचे सगळे लाकूड जप्त. शेटने हिस्सा दिला नव्हता, म्हणून दरबाराने त्याला न्यायसभेत खेचले.

न्यायसभा माणसांनी भरून गेली होती. विभाकर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "न्यायाधीश महाराज, कायद्यात शब्द आहे 'आणील'. गाडीत घालून आणतो तो माणूस. बैलाच्या पाठीवर आणतो तोही माणूस. पण हे लाकूड नदीने आणलं. माझ्या पक्षकाराने ते आपल्या काठावर उचललं. राज्यातली वस्तू राज्यातच उचलणं म्हणजे आणणं नव्हे. आणि नदीवर कर बसवणारा कायदा अजून कुणी लिहिलेला नाही."

सभा थक्क झाली. प्रधानाचा मेव्हणा पुस्तकात बोट फिरवत राहिला. म्हाताऱ्या न्यायाधीशांनी ते पुस्तक मागून घेतले आणि ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाले, "शब्द तसाच आहे. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते देव जाणे, पण लोकांना बांधतात ते शब्द. वाहून आलेल्या लाकडावर कर नाही."

गोवर्धनशेटने तिथेच विभाकराला मिठी मारली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. अंगावर विरलेले लुगडे, हातात काठी. ती सरळ पुढे आली आणि न्यायाधीशांसमोर उभी राहिली.

"महाराज, मी साळूबाई. खालच्या आळीला राहते. तुम्ही आत्ता जे म्हणालात, ते खरं का?"

"खरं, बाई."

"मग माझं घर का पाडलंत?"

सभेत कुणाला काहीच कळेना. न्यायाधीश म्हणाले, "बाई, बसून नीट सांग."

साळूबाई बसली नाही. "अकरा वर्षं झाली. पुरात आमचं घर गेलं. पाणी उतरलं तसं नदीतून एक झाड वाहत आलं. माझ्या मालकानं नि मी ते दोर टाकून काठाला घेतलं. त्याचे खांब केले, वासे केले, घर उभं केलं. आठ दिवसांनी राजाची माणसं आली. म्हणाली, न सांगता लाकूड आणलंत. आम्ही इथंच उभे होतो, महाराज, याच जागेवर. आम्हांला बोलता येईना. आमच्याकडून बोलायला कुणी नव्हतं. राजाकडून हे बोलले." तिने काठी विभाकराकडे रोखली. "घर उतरवून लाकूड नेलं. त्या थंडीत मालक उघड्यावर निजले. पौष काही त्यांना निभला नाही."

विभाकर तिच्याकडे पाहत राहिला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा तिचा चेहरा न्याहाळला. त्याला ती आठवेना. एवढे सगळे झाले होते, आणि त्याला ही बाई आठवतच नव्हती. या गोष्टीने तो हादरला.

न्यायाधीशांनी दप्तरदाराला जुने कागद आणायला पाठवले. धूळ झटकून दप्तरदाराने एक कागद वाचला : "करवकील विभाकर यांचे म्हणणे असे, की नदी ही राज्यात येण्याची वाटच होय. तिच्यातून लाकूड ओढणारा हात हा आणणाराच हात समजावा." खाली निकाल होता, आणि निकालाखाली याच न्यायाधीशांची सही होती.

न्यायाधीशांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "विभाकर, ही दोन्ही म्हणणी तुझी. तुला खरं कोणतं वाटतं?"

विभाकर म्हणाला, "महाराज, वकिलाला स्वतःचं मत नसतं. पक्षकार असतो."

"अस्सं?" साळूबाई म्हणाली. "मग माझं घर पडलं, ते कुणाचं मत होतं?"

विभाकराने दप्तरदाराकडून तो कागद घेतला आणि पुन्हा वाचला. बाईचा चेहरा त्याला अजूनही आठवत नव्हता, पण तो खटला मात्र आता आठवला. त्या खटल्याच्या आदल्या दिवशी कागद चाळताना 'आणील' या शब्दावर तो अडखळला होता, तेही आठवले.

तो हळू आवाजात म्हणाला, "महाराज, आज मी जो अर्थ सांगितला, तो मला आज सुचलेला नाही."

"म्हणजे?"

"तो मला त्याच वेळी सुचला होता. या बाईच्या खटल्यात. मला वाटलं, तिच्याकडून कुणी हे बोललं तर मी हरेन. पण तिच्याकडून बोलायला कुणी नव्हतं. म्हणून मी गप्प बसलो. मी लाच खाल्ली नाही, खोटं बोललो नाही. फक्त गप्प बसलो. आणि तोच अर्थ आज मी शेटजींना विकला."

साळूबाईचा हात काठीवरून सुटला. "तुम्हांला ठाऊक होतं?" ती एवढेच म्हणाली. "उभे होतात तेव्हा, ठाऊक होतं?"

"हो."

ती मटकन खाली बसली. इतकी वर्षे तिला वाटत आले होते की आपलेच काहीतरी चुकले. सभेतली माणसे विभाकराकडे अशी पाहू लागली, जणू त्याला पहिल्यांदाच पाहत आहेत. गोवर्धनशेट गुपचूप दोन पावले मागे सरकला.

न्यायाधीश म्हणाले, "गप्प बसण्याला शिक्षा देणारं कलम या राज्यात नाही. मी मात्र त्या दिवशी एकच बाजू ऐकली आणि सही केली, हा दोष माझा. साळूबाईचं लाकूड राजाच्या कोठारातून परत द्यावं. घर राज्याने बांधून द्यावं." पुढे ते थांबले. माणूस परत द्यायचा हुकूम त्यांना देता येत नव्हता.

राजाच्या कानावर सगळे गेले, तेव्हा तोही सुन्न झाला. त्याने नवा नियम केला : ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही, त्याच्या हिताचे जे राजाच्या वकिलाला ठाऊक असेल, ते त्याने स्वतःच सभेत सांगावे. नाहीतर निकाल रद्द.

विभाकराने बैठक बंद केली नाही. ती आपोआप ओस पडली. आपली फट उद्या हाच माणूस भर सभेत सांगेल, या धास्तीने व्यापारी फिरकेनासे झाले. मग तो रोज दप्तरखान्यात जाऊन बसू लागला आणि आपले जुने खटले एकेक करून वाचू लागला. जिथे समोरचा एकटा उभा होता, तो कागद तो बाजूला काढी. त्यांचा ढीग त्याला वाटला होता त्याहून बराच उंच झाला.

साळूबाईचे घर उभे राहिले, त्या दिवशी तो तिच्या दारी गेला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, मला क्षमा करा."

साळूबाईने त्याला पाणी दिले. मग म्हणाली, "क्षमा माझ्याकडं नाही. ती ज्यांच्याकडं असती, ते गेले. पलीकडच्या गल्लीत तानूबाई आहे. तिची होडी अशीच नेली होती. तिला अजून ठाऊकसुद्धा नाही की दाद मागता येते. तिच्याकडं जा."

विभाकराने भांडे खाली ठेवले, आणि तो तानूबाईचे घर विचारत पलीकडच्या गल्लीत गेला.

यातून घ्यायचे ते एवढेच : दुबळ्याच्या कामी येणारे सत्य जाणून जो गप्प बसतो, त्याने खोटे न बोलताही अन्यायच केलेला असतो.