चुनेवाल्याचा निळा कोनाडा

ही गोष्ट किती जुनी आहे ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. एका राज्याच्या अगदी टोकाला, नदीच्या काठी, एक गाव होतं आणि त्या गावात एक चुनेवाला राहत होता, एवढं मात्र सगळे शपथेवर सांगत.

चुनेवाला नदीकाठचे शिंपले वेचायचा, भट्टीत भाजायचा, पाण्यात विरवून त्यांचा चुना करायचा आणि गावातल्या भिंती पांढऱ्या करून द्यायचा. त्या गावाची एक रीत होती. मानाचा पाहुणा येणार असला की आधी घराला चुना द्यायचा. कुणाचे व्याही येवोत नाहीतर गुरू येवोत, पहिलं बोलावणं चुनेवाल्याला जायचं. त्याचा हात असा, की दुपारच्या उन्हात त्यानं रंगवलेल्या भिंतीकडे बघवत नसे.

आणि खुद्द चुनेवाल्याचं घर? त्याला चुन्याचा एक थेंब लागलेला नव्हता. लोक थट्टा करायचे, "काय हो, सगळा चुना आम्हालाच लावता, घरासाठी काही उरतं की नाही?"

चुनेवाला हसायचा. कारण ते घर त्याचं नव्हतंच मुळी. ते त्याच्या लेकीचं होतं.

लेक पाच वर्षांची असताना तिची आई वारली. तेव्हापासून ती बापाबरोबर नदीवर जायची आणि शिंपले वेचू लागायची. पाटी भरली की तिच्यातला एक शिंपला ती हळूच बाजूला काढायची.

"आबा, हा नका ना भाजू."

"का गं?"

"ह्याच्या पोटात सकाळ आहे."

चुनेवाला बघायचा. शिंपल्याच्या आत खरोखरच गुलाबी उजेड असायचा.

"अगं, प्रत्येकाच्या पोटात काहीतरी असतंच. मग मी चुना कशाचा करू?"

"बाकीच्यांचा करा. हा माझा."

असे पाटीगणिक एकेक वाचलेले शिंपले घरातल्या कोनाड्यांत जाऊन बसले. दारातून आत शिरलं की उजव्या हाताला पहिला कोनाडा, तो तिनं गेरूनं लाल केला होता. पुढचा हळदीनं पिवळा. त्यात एका शिंगाचा मातीचा बैल होता आणि त्या बैलामागे दरवर्षी एक चिमणी घरटं बांधायची. भिंतीवर जत्रेत फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे चिकटवलेले, खुंटीला मोरपीस, खिडकीत एक भोक पडलेला गोटा. त्या भोकातून आभाळ कसं दिसतं ते लेक येणाऱ्या-जाणाऱ्याला बळंच दाखवायची. आणि माजघरात निळा कोनाडा. तो मात्र आईनं रंगवलेला होता, तिच्या स्वतःच्या माहेराहून आणलेल्या निळीनं.

लेक मोठी झाली आणि सात घाट ओलांडून सासरी गेली. जाताना तिनं निळ्या कोनाड्यातला एकच शिंपला ओटीत घेतला.

त्यानंतर बारा वर्षं ती माहेरी आली नाही. कधी घरात पाळणा हलत होता, कधी सासू अंथरुणाला खिळली होती, कधी घाट बंद होता. चुनेवाला रोज तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसून घाटाच्या वाटेकडे बघायचा. पाट्या आता भरल्या तशा भट्टीत जायच्या. हा नका ना भाजू म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं, आणि प्रत्येक पाटी उलटी करताना त्याचा हात थोडा थांबायचा.

तुम्ही म्हणाल, मग बाप का गेला नाही भेटायला? गेला होता, एकदाच. लेकीचं सासर म्हणजे मोठं घर. भिंती दुधासारख्या, आणि त्यांच्यावर खुंटीसुद्धा नाही. चुनेवाला आत गेला तसे त्याच्या चुनकट पायांचे ठसे चकचकीत फरशीवर उमटले. कुणी बघायच्या आत लेकीनं ते पदरानं पुसून घेतले. ती गोष्ट त्याच्या काळजाला लागली आणि तो परत कधी गेला नाही.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी घाटावरून आलेल्या एका वाटसरूनं निरोप दिला, "तुमची लेक पुनवेला येतेय. दोन दिवस राहणार आहे."

चुनेवाल्याला काय करू आणि काय नको असं झालं. तो धावत घरात गेला आणि दारातच थबकला. पहिल्यांदा त्यानं ते घर लेकीच्या सासरच्यांच्या डोळ्यांनी पाहिलं. रंग पोपडे धरलेले, बैल एका शिंगाचा, भिंतीवर फुटक्या काचा. तो स्वतःशीच म्हणाला, "सगळ्या गावाच्या पाहुण्यांसाठी चुना दिला. आणि माझी लेक येणार ती ह्या पसाऱ्यात?"

तो भट्टी पेटवायला गेला, पण नुकताच पूर ओसरला होता आणि काठावर हातभर गाळ. शिंपले मिळेनात. पुनव तर चार दिवसांवर आलेली.

शिंपले एकाच ठिकाणी होते.

त्यानं लाल कोनाड्यातला पहिला शिंपला उचलला, बराच वेळ हातात धरला. "पोरपण होतं ते," तो म्हणाला. "आता एवढ्या मोठ्या घरची सून. हे बघून तिला हसूच यायचं." आणि त्यानं सगळे शिंपले भट्टीत घातले. बैल, गोटा, मोरपीस, काचा एका टोपलीत भरून नदीत सोडल्या. मग चुना विरवला आणि आयुष्यात कधी दिला नव्हता एवढं मन लावून घराला दिला, दोन हात, कोनाड्यांसकट.

दुसऱ्या दिवशी चिमणी अंगणाच्या भिंतीवर येऊन बसली. चोचीत काडी होती, ती खाली ठेवून म्हणाली, "चुनेवाल्या, इथे एक घर होतं ना रे?"

"हेच ते."

"हे नव्हे. माझ्या घरात पिवळा कोनाडा होता." आणि काडी तिथेच टाकून ती उडून गेली.

"चिमणीला काय कळतंय!" चुनेवाला करवादला. तिला पुष्कळ कळत होतं, पण आनंदात असलेल्या माणसाला कुणी काही सांगू नये.

पुनवेच्या सकाळी बैलगाडी दाराशी थांबली. लेक उतरली, बापाच्या पाया पडली, हसत हसत उंबरा ओलांडून आत आली आणि उभीच राहिली. उजवा हात तिनं सवयीनं पुढे केला होता. तो तसाच खाली आला.

ती चटईच्या कडेला अंग चोरून बसली. बापानं दिलं तेव्हा पाणी प्यायली, स्वतः उठून माठाकडे गेली नाही. भिंतीकडे बघत तिनं विचारलं, "आबा, कोण पाहुणे यायचेत?"

"अगं वेडे, तूच की!" चुनेवाला फुलून गेला होता. "तुझ्यासाठीच तर दिला चुना."

लेकीचा चेहरा उतरला.

"माझ्यासाठी? चुना तर पाहुण्यांसाठी देतात, आबा. मी पाहुणी झाले का?"

चुनेवाल्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"आणि माझे शिंपले?"

त्यानं नुसतं भिंतीकडे बघितलं. लेक चुनेवाल्याच्या घरात वाढलेली होती, तिला आणखी सांगावं लागलं नाही. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि तिनं तळवा भिंतीवर टेकवला. हात पांढरा झाला. तो पांढरा हात तिनं गालाला लावला आणि ती रडली.

"तिकडे सगळ्या भिंती पांढऱ्याच आहेत, आबा," ती म्हणाली. "तिथे खुंटी ठोकायचीही सोय नाही. मी डोळे मिटते आणि ह्या घरात येते. दारातून आत, उजवीकडे लाल कोनाडा, मग पिवळा, मग खिडकीतला गोटा, मग माजघरात आईचा निळा. सगळ्यांवरून हात फिरवते आणि परत जाऊन कामाला लागते. बारा वर्षं रोज येतेय मी. आता डोळे मिटले तरी इथे यायला वाट नाही."

चुनेवाल्याला वाटलं, भट्टीत आपणच जायला हवं होतं. तो म्हणाला, "पदरानं माझ्या पायांचे ठसे पुसलेस ना, तेव्हापासून मला ह्या घराची लाज वाटायला लागली."

"लाजेनं नव्हते पुसले, आबा. त्यांनी तुम्हाला काही बोलू नये म्हणून पुसले."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बापलेक ओलं फडकं घेऊन निळ्या कोनाड्यापाशी बसले. चुना निघता निघेना. त्यानं फार मन लावून दिला होता. दुपार कलली तेव्हा कुठे पांढऱ्यातून तळहाताएवढी निळाई वर आली, फिकट, ओरखडलेली. लेकीनं ओटीतून शिंपला काढला, बारा वर्षं लुगड्याच्या घडीत जपलेला, आणि त्या निळ्यासमोर ठेवला.

"हा इथे राहू दे," ती म्हणाली. "माझ्यासाठी काही नवं करू नका, आबा. आहे ते तेवढं राहू द्या."

गाडी निघाली. घाटाच्या वळणापर्यंत ती मागे बघत होती.

त्यानंतर चुनेवाला कुणाच्या घरी चुना द्यायला गेला, की कुंचा भिजवण्याआधी विचारायचा, "ह्या भिंतीवर कुणाचं काही आहे का?" लोक आधी हसले. मग एकीनं नातवानं कोळशानं काढलेला घोडा दाखवला, एकानं गेलेल्या भावाच्या उंचीची रेघ दाखवली. तेवढी जागा सोडून तो चुना द्यायचा. अजून त्या गावात प्रत्येक पांढऱ्या घरात एक जागा बिनचुन्याची असते.

सात वर्षांनी लेकीला पुन्हा येता आलं. घर राखणाऱ्या शेजारणीनं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. बापाला जाऊन महिना झाला होता, निरोप घाटात कुठेतरी अडकला होता.

लेकीनं उंबऱ्यावर डोळे मिटले. आत पाऊल टाकलं, उजवा हात पुढे केला. हाताला शिंपला लागला. मग आणखी एक, मग आणखी. तिनं डोळे उघडले. लाल कोनाडा लाल होता. पिवळा पिवळा होता, आणि त्यात चिमणीनं काड्या आणून ठेवल्या होत्या. रंग वेडावाकडा होता, कडेबाहेर ओघळलेला. उभा जन्म भिंती रंगवणाऱ्या हाताला कोनाडा काही साधला नव्हता. पण प्रत्येक पाटीतला एकेक शिंपला त्यानं आठवणीनं वाचवला होता, आणि प्रत्येकाच्या पोटात सकाळ होती.

माजघरात निळी जागा तेवढीच होती, तळहाताएवढी. तिला त्यानं हात लावला नव्हता. समोर तिचा शिंपला होता आणि शिंपल्याशेजारी त्याचा कुंचा ठेवलेला होता, कोरडा.

"आबा, मी आले," लेक म्हणाली. मग माठाकडे जाऊन तिनं स्वतःच्या हातानं माठातलं पाणी घेतलं.

म्हणून सांगतो, पाहुण्यासाठी घर उजळावं, पण आपल्या माणसासाठी ते ओळखीचं ठेवावं.